पहिला पाट

यंत्र स्टेशनवरून बैलगाडीत आलं, तेव्हा ते कुठं बसवायचं हे व्यंकोजीनं आधीच ठरवून ठेवलं होतं. कातरणीच्या खोलीत, पूर्वेच्या खिडकीखाली. तिथं सात महिने कुणी बसत नव्हतं.

यंत्राबरोबर कोइमत्तूरहून वेंकटेश नावाचा मिस्त्री आला होता. त्यानं खोलीतून एक चक्कर मारली आणि म्हणाला, "अय्या, मागच्या दाराशी बसवू या. जागा ऐसपैस आहे, वायरही तिथून जवळ पडेल."

"नको. इथंच."

"इथं बायकांच्या मधोमध येतंय. पट्टा फिरताना पदर जवळ असू नये."

"उजेड इथं आहे," व्यंकोजी म्हणाला.

यंत्राला उजेड कशाला लागतो, हे वेंकटेशनं विचारलं नाही. गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही हे तो शिकलेला होता. त्यानं फरशीला चार भोकं पाडली, बोल्ट बसवले, मोटार जोडली आणि दोन दिवसांत यंत्र उभं केलं. नऊ बायका आपापल्या पाटावर बसून अडकित्ते चालवत होत्या आणि मान वर न करता सगळं बघत होत्या.

कुंभकोणात बारीक कातरलेल्या सुपारीला सीवल म्हणतात. जेवण झालं की पान, चुना आणि चिमूटभर सीवल. व्यंकोजीच्या घरात हा धंदा तीन पिढ्यांचा. त्याआधीचे पूर्वज तंजावरच्या राजवाड्यात विडे पुरवायचे. राज्य गेलं, वाड्यातली माणसं पांगली, आणि आजोबा इकडं येऊन सुपारी कातरून विकू लागले. पुढं रस्त्यावर दुकान, मागं कातरणीची खोली, त्यामागं राहतं घर. बायका सगळ्या तमिळ, आसपासच्या गल्लीतल्या. काहींच्या आयाही इथंच बसलेल्या.

खोलीत दहा पाट. खिडकीखालचा तो पहिला पाट. तिथं बसणारी बाई कातरायची कमी आणि बघायची जास्त. प्रत्येकीची टोपली तिच्यापुढं यायची. ती एक काप उचलून बोटावर ठेवायची आणि खिडकीकडं धरायची. कापाखालून बोटाच्या रेषा दिसल्या तर माल पुढं जायचा. नाही दिसल्या तर टोपली परत. त्या पाटावर आधी व्यंकोजीची आजी होती, मग आई, मग तेवीस वर्षं त्याची बायको अंबुजा.

अंबुजा माघात गेली. चार दिवस ताप आला, एवढंच. मूलबाळ नव्हतं. तेराव्याला पाहुणे आले, जेवले, गेले. त्यानंतर व्यंकोजी कातरणीच्या खोलीत गेला नाही. तो पुढं दुकानात बसे. माल कामाक्षी नावाची मुलगी बाहेर आणून देई. ती नवीन लग्न झालेली होती आणि तिच्या तोंडाला कुलूप नव्हतं.

पहिला पाट रिकामा राहिला, आणि जी ती आपल्या मनानं कातरू लागली. एका पुडीत पातळ, दुसरीत जाड. पापनाशमच्या व्यापाऱ्यानं आषाढात एक पोतं परत पाठवलं. श्रावणात दोन. वर चिठ्ठी होती, की तुमचा माल पूर्वीचा राहिला नाही, तिरुनागेश्वरमला एकानं नवा कारखाना काढला आहे, आम्ही तिकडं बघतो.

ती चिठ्ठी वाचून व्यंकोजी घाबरला. धंदा बुडेल याची भीती होतीच, पण ती खरी नव्हती. एकट्या माणसाला लागतं किती. खरी भीती वेगळी होती. दुपारी दुकानात बसलं की मागून नऊ बायकांचं बोलणं ऐकू यायचं. शब्द कळायचे नाहीत, नुसता आवाज. मध्येच कुणीतरी हसायचं, कुणीतरी कुणाला दटावायचं. घरात मराठी बोलायला आता कुणी नव्हतं. दिवसभर गिऱ्हाइकांशी तमिळ, आणि संध्याकाळी बायका गेल्या की तेही नाही. काम बंद पडलं तर दुपारही तशीच होणार. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं ते नव्हतंच.

यंत्र सगळे काप एकसारखे करतं, असं त्यानं ऐकलं. एकसारखे झाले म्हणजे बघायला कुणी नको. पहिल्या पाटावर कुणी बसायला नको. त्यानं त्याच आठवड्यात कोइमत्तूरला पत्र टाकलं.

वेंकटेशनं जायच्या आधी यंत्र चालवून दाखवलं. वरून सुपारी टाकायची, आत पात्यांची चकती फिरते, खालून काप पडतात. खडखडाट एवढा झाला की पलीकडच्या तांब्याच्या दुकानातला माणूस डोकावून गेला.

"कोण चालवणार?" वेंकटेशनं विचारलं.

सगळ्यांत वयस्कर बाई सुब्बलक्ष्मी. ती पहिल्या पाटाच्या शेजारच्या पाटावर बसायची. तिनं अडकित्ता खाली ठेवला नाही.

"मला भीती वाटते, अय्या," धनलक्ष्मी म्हणाली. ती जाडजूड होती आणि तिला कशाचीच भीती वाटत नसे.

"आज मंगळवार आहे," दुसरी म्हणाली.

"याला जेवायला कोण वाढणार?" कामाक्षीनं विचारलं. "आणि लग्न झालंय का याचं? एवढा आरडाओरडा करतंय म्हणजे झालं असणार."

बायका हसल्या. सुब्बलक्ष्मी हसली नाही. व्यंकोजी दारातच उभा होता, तो परत दुकानात गेला.

बुधवारी कुणी हात लावला नाही. गुरुवारी त्यानं कामाक्षीला बोलावून हुकूमच केला. तिनं सुपारी टाकली. अर्धी फुटली, अर्धीचा चुरा झाला. मिस्त्रीनं सांगितलं होतं, की यंत्राची सुपारी एक दिवस जास्त भिजवायची. कुणी भिजवलीच नव्हती. शुक्रवारी भिजवली, तर यंत्राच्या तोंडात कुणीतरी नारळाच्या शेंडीचा बोळा अडकवून ठेवलेला. कुणी ठेवला, ते विचारायची सोय नव्हती. नऊही चेहरे सारखेच शांत.

रविवारी पापनाशमहून शामसुंदर आला. हा अंबुजाचा धाकटा भाऊ, तिथल्या शाळेत मास्तर. बहीण गेल्यावरही त्यानं येणं सोडलं नव्हतं. महिन्यातून एक रविवार तो यायचा, आणि त्या दिवशी व्यंकोजी पोटभर मराठी बोलायचा.

"भाओजी, त्यांना वाटतं तुम्ही त्यांना काढणार," शामसुंदर म्हणाला. दोघं मागच्या ओसरीवर जेवत होते. भात व्यंकोजीनंच केला होता, आणि तो नेहमीसारखा खाली लागला होता. "यंत्र आलं की माणसं जातात. सगळीकडं तेच चाललंय. तुम्ही त्यांना शब्द द्या."

"दिला असता. विचारतच नाहीत."

"न विचारता द्या. आक्का असती तर काय म्हणाली असती?"

व्यंकोजीनं ताक ओतून घेतलं. "आक्का असती तर यंत्र कशाला आणलं असतं?"

शामसुंदरनं लागलेला भात ताटाच्या कडेला सारला आणि म्हणाला, "भात जरा कमी आचेवर ठेवत जा."

सोमवारी व्यंकोजी कातरणीच्या खोलीत गेला आणि उभ्या उभ्या बोलला. कुणालाही काढणार नाही. एकीलाही नाही. यंत्रावर दोघी, बाकीच्या निवडायला, भिजवायला, पुड्या बांधायला. हे मी माझ्या बापाची शपथ घेऊन सांगतो. एवढं लांब तो सात महिन्यांत त्यांच्याशी बोलला नव्हता.

बायकांनी ऐकून घेतलं.

"शपथ कशाला, अय्या," सुब्बलक्ष्मी म्हणाली. "तुम्ही काढाल असं आम्हाला वाटलंच नव्हतं."

"मग काय वाटतंय?"

तिनं एक सुपारी उचलली, अडकित्त्यात धरली आणि कातरायला लागली. व्यंकोजी तिथंच उभा राहिला. यंत्राच्या लोखंडावर सकाळचं ऊन पडलं होतं. तिकडं बघायचं त्यानं टाळलं नाही. सात महिन्यांत त्या जागेकडं तो पहिल्यांदाच नीट बघू शकत होता, कारण आता ती रिकामी नव्हती. त्याला वाटलं, निदान एवढं तरी बरं केलं.

नवरात्र आलं. वर्ष सरलं नव्हतं, म्हणून घरात सण नव्हता. पण खंडेनवमी हत्यारांची असते, घराची नसते. त्या दिवशी अडकित्ते धुऊन पुसून देवासमोर मांडायचे आणि दिवसभर त्यांना हात लावायचा नाही, हे कातरणीच्या खोलीत पूर्वापार चालत आलेलं. तमिळ बायका त्याला आयुधपूजा म्हणत. दुसऱ्या दिवशी विजयादशमी. नवं काम धरायला तोच मुहूर्त. व्यंकोजीनं मनाशी पक्कं केलं होतं, की यंत्राची पूजा होऊ दे, गंध लागू दे, म्हणजे बायकांचं मन वळेल.

सकाळी तो खोलीत गेला तेव्हा पूजा झालीही होती. पाटांवर अडकित्ते ओळीनं ठेवलेले. प्रत्येकाला चंदनाचा टिळा, वर कुंकू, झेंडूचं फूल. मधे केळी, पोहे, फुटाणे. अंबुजाचा अडकित्ताही होता. तो कुठून काढला, कुणी घासला, त्याला कळलं नाही. त्यालाही कुंकू लावलेलं होतं. यंत्राला मात्र काही नव्हतं. नुसतं लोखंड. त्याच्या आजूबाजूची फरशी शेणानं सारवल्यासारखी स्वच्छ, आणि त्याच्या चार पायांना वळसा घालून रांगोळी काढलेली होती. एखाद्या खड्ड्याला वळसा घालून जावं तशी.

"याला कुंकू का नाही?" त्यानं विचारलं.

धनलक्ष्मीनं एका अडकित्त्यावरचं फूल सरळ केलं.

"हे हत्यार नाही का? याचं काय बिघडलंय?"

"राहू दे, अय्या," सुब्बलक्ष्मी म्हणाली. "आज दिवस चांगला आहे."

"नाही राहू देत. महिना झाला. भिजवत नाही, चालवत नाही, शेंड्या कोंबता. मी शपथ घेतली तरी तेच. तुम्हाला जायचं असेल तर जा, पण सांगून जा."

त्याचा आवाज चढला होता. बायकांनी त्याला कधी चढ्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. धनलक्ष्मीनं पदर तोंडाला लावला. मग कामाक्षी बोलली.

"जाणारच आहोत. दसरा झाला की तिरुनागेश्वरमला. तिकडच्या माणसानं निरोप दिलाय. तिकडंही यंत्र आहे, दोन आहेत. यंत्राचं काय मेलं. चालवू आम्ही."

"गप्प बस," सुब्बलक्ष्मी म्हणाली.

"का गप्प बसू? तू बसलीस ना गप्प आठ महिने. काय मिळालं?" कामाक्षी व्यंकोजीकडं वळली. "अय्या, पहिला पाट तुम्ही लोखंडाला दिलात. माणसं मेली होती का इथली?"

व्यंकोजीला आधी समजलंच नाही. "कुणाला दिला?"

"पहिल्या पाटाचा विडा हिला द्यायचा होता. आक्कांनी सांगितलं होतं. तापात होत्या तेव्हा आम्ही सगळ्या बघायला आलो होतो. त्या म्हणाल्या, माझ्यामागं सुब्बू बसेल, तिची नजर चांगली आहे, हे विडा देतील. आम्ही वाट बघत होतो. तेरावा झाला, वाटलं आता देतील. महिना झाला, वाटलं दुःखात आहेत. सहा महिने झाले. ही रोज सकाळी येऊन तो पाट पुसायची, आणि आपल्या पाटावर बसायची. मग तुम्ही मिस्त्री आणलात."

सुब्बलक्ष्मी खाली बघत होती. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

व्यंकोजी भिंतीला टेकला. विड्याचं त्याला आठवत नव्हतं असं नाही. त्याच्या वडिलांनी अंबुजाला विडा दिला, तेव्हा तो इथंच उभा होता. ती बावीस वर्षांची होती. वडील तमिळमध्ये म्हणाले होते, बस. बायकांना कळावं म्हणून तमिळमध्ये. पण त्याला वाटत आलं होतं, की ही घरातली रीत. सासूनंतर सून. सून नाही, मूल नाही, म्हणजे रीतही संपली. आपल्या घराबरोबर ती संपते आहे आणि त्याचं दुःख आपल्यालाच आहे, असं तो धरून चालला होता. या बायका तिला कामाची रीत समजतात, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. जी नीट बघते तिला पाट. घरची असो नसो.

आणि अंबुजानं हे त्याला का सांगितलं नाही? की सांगितलं होतं? तापाच्या तिसऱ्या दिवशी ती काहीतरी सुब्बूबद्दल बोलली होती. त्यानं तिला म्हटलं होतं, कामाचं नको बोलू, पडून राहा.

हे आठवल्यावर त्याला खाली बसावंसं वाटलं. पण बसायला जागा नव्हती, सगळ्या पाटांवर अडकित्ते होते.

"आमच्याकडं वर्षभर शुभकार्य करत नाहीत," तो म्हणाला. "या वर्षात मी विडा कसा देऊ?" बोलता बोलताच त्याला कळलं, की हे खरं कारण नाही आणि सगळ्यांना ते कळतंय.

"तुमच्या रीतीप्रमाणं करा, अय्या," सुब्बलक्ष्मी हळू आवाजात म्हणाली. "मी मागितलेलं नाही."

तो दुकानात गेला. दुपारपर्यंत तिथं बसला. सणाचा दिवस, गिऱ्हाईक बरंच आलं. मागं आज बायका नव्हत्या, पूजा करून घरी गेल्या होत्या. तेव्हा त्याला पहिल्यांदा ऐकू आलं, की मागं कुणी नसलं म्हणजे कसं असतं. भिंतीवरचं घड्याळ, रस्त्यावरची गाडी, आणि मागं काही नाही. विडा दिला तर त्या राहतील. विडा दिला तर तिथं दुसरी बाई बसेल, रोज, त्याच उजेडात, आणि मग अंबुजा खरंच गेलेली असेल. यंत्र बसवलं तेव्हा त्यानं या दोन्हीतून पळवाट काढली होती. तिथं कुणीतरी होतं, आणि तरी कुणी बसलेलं नव्हतं.

दुपारी त्यानं पान्यांची पेटी काढली. वेंकटेशनं बोल्ट घट्ट बसवले होते. पहिल्या बोल्टला अर्धा तास लागला. हाताची साल गेली. तांब्याच्या दुकानातला माणूस आवाज ऐकून आला, त्यानं काही न विचारता दुसरा पाना हातात घेतला, आणि मग त्याचा भाऊही आला. तिघांनी यंत्र सरकवत सरकवत मागच्या दाराशी नेलं. फरशीवर चार भोकं राहिली. ती कशानं बुजवायची ते व्यंकोजीला सुचलं नाही, तशीच ठेवली.

विजयादशमीला बायका नेहमीच्या वेळी आल्या. खिडकीखाली पाट मांडलेला होता. व्यंकोजी त्याच्या शेजारी उभा होता, धुतलेलं धोतर, खांद्यावर उपरणं. हातात तबक. तबकात पानं, सुपारी, एक नारळ. यंत्र मागच्या दाराशी होतं आणि त्याला गंध लावलेलं होतं. तेही त्यानंच लावलं होतं, जरा वाकडं.

त्यानं सुब्बलक्ष्मीकडं तबक धरलं. ती पुढं आली. आता बोलायची वेळ होती. एक शब्द होता. तमिळमधला लहानसा शब्द, रोज दहा वेळा गिऱ्हाइकाला म्हणायचा. तो निघेना. बायका थांबल्या.

"बसा," तो शेवटी म्हणाला, तमिळमध्ये. वडील 'बस' म्हणाले होते, यानं 'बसा' म्हटलं. सुब्बलक्ष्मीनं तबक घेऊन डोळ्यांना लावलं आणि पाटावर बसली. चार भोकांतलं एक तिच्या पदराखाली झाकलं गेलं.

व्यंकोजी लगेच बाहेर गेला. दुकानाच्या फळ्या उघडायच्या होत्या.

थोड्या वेळानं मागं खडखडाट सुरू झाला. यंत्र कामाक्षी चालवत होती, आणि त्या आवाजावरून ओरडून धनलक्ष्मीला काहीतरी सांगत होती. बायकांचं बोलणं आता ऐकू येत नव्हतं. नुसतं यंत्र. हे असं होईल हे त्यानं धरलं नव्हतं. त्या राहिल्या होत्या, आणि तरी त्यांचा आवाज गेला होता.

पहिल्या दिवसाचा माल व्हायला उशीर लागला. दुपारी यंत्र थांबलं, आणि मग सुब्बलक्ष्मीचा आवाज आला, मोठा आणि कोरडा. तो आवाज त्यानं तिचा कधी ऐकला नव्हता. "हे परत. हेही परत. हा काप आहे की फळी?"

"यंत्राचा आहे, मी काय करू," कामाक्षी म्हणाली.

"यंत्राला सांग."

व्यंकोजी उठला आणि खोलीत खिडकीपाशी गेला. सुब्बलक्ष्मीनं बोटावर एक काप घेऊन खिडकीकडं धरला होता. तिचं बोट अंबुजाच्या बोटापेक्षा जाड होतं, आणि नख वाकडं. ती डावा डोळा मिटून बघत होती. अंबुजा दोन्ही उघडे ठेवायची.

"पातं किती सैल करायचं?" त्यानं विचारलं.

"घट्ट करायचं," ती म्हणाली. वर बघितलं नाही. "अय्या, थोडं बाजूला व्हा. उजेड अडतोय."

तो बाजूला झाला. दुकानात गिऱ्हाईक हाक मारत होतं. तो तिथंच उभा राहिला, भिंतीला लागून, कुणाच्या मधे येणार नाही असा. सुब्बलक्ष्मीनं दुसरा काप उचलला.